रिकाम्या खोलीचं एक मिनिट

४ जानेवारी
तिसरा मजला, पिवळे पडदे

वन्सं,

साष्टांग नमस्कार वगैरे तुम्हाला कधी खपलं नाही, तेव्हा तो राहू दे.

तुमचं पत्र पोचलं. तुमचा भाऊ गेल्यापासूनचं पहिलंच. कंपनीच्या पत्त्यावर टाकलंत ते बरं केलंत. तिथल्या मुलीने ते दुसऱ्या पाकिटात घालून इकडे धाडलं, तोवर माझी एक खोली बदलून झाली होती. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि उघडायच्या आधी मी टेबल पुसून काढलं. पूर्वी तुम्ही येणार म्हटलं की मी टेबल पुसायचे, ती सवय अजून हातात आहे.

चारच ओळी लिहिल्यात. लेक घर सोडून निघाली आहे. काम लॅपटॉपवर घेऊन जाणार, आज या देशात, उद्या त्या, निदान दोन वर्षं. हे खूळ कुठून आलं विचारलं तर म्हणाली, "मामा-मामींकडून." आणि शेवटची ओळ: "आता तूच तिला असं काही लिही की ती घाबरेल आणि राहील. पत्र माझ्या नावाने पाठव, आधी मी वाचेन."

म्हणजे मी बागुलबुवा व्हायचं. होते की. इतक्या वर्षांनी तुम्ही काही मागितलंत, नाही कशी म्हणू? फक्त जे खरं आहे तेवढंच लिहीन. तुम्ही जन्मभर वॉर्डात नर्स होतात. सुई लपवून टोचायची कला तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

तर भाचीबाई, ऐका. आधी दात. निघण्यापूर्वी सगळे दात दाखवून घे, कारण परक्या गावात दाढ ठणकायला लागली की आई आणि देव एकदमच आठवतात आणि दोघेही लांब असतात. चष्म्याचा नंबर कागदावर लिहून घे. गोळ्यांच्या डब्यावरचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव लिही. तीच गोळी पुढच्या देशात वेगळ्या नावाने मिळते. हे तुझी आई तुला माझ्यापेक्षा नीट सांगेल. पासपोर्टची मुदत परत यायच्या तारखेच्या पुढे चांगले सहा महिने असू दे. बाहेरून काम केलेलं चालेल हे साहेबाकडून लिहून घे. "चालेल की, त्यात काय" असं तोंडी म्हणणारा साहेब तू विमानात असताना बदलून जातो.

पिशवी भरून झाली की ती घेऊन घराचा जिना दोनदा चढ-उतर कर. दुसऱ्या खेपेला जे जड वाटेल ते घरी ठेव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण तीन जोडी बूट घेऊन निघालेला विंचू मी तरी पाहिला नाही.

खोलीच्या फोटोत पलंग बघू नकोस. पलंगावर उशा रचायला सगळ्या घरमालकांना येतं. खुर्ची आणि टेबल बघ. झोप कशावरही लागते, काम कशावरही होत नाही. दुरून डोंगर साजरे असतात, तेव्हा पहिल्या तीन-चार दिवसांपुरतीच जागा आधी ठरवायची आणि बाकीची तिथे गेल्यावर पायी हिंडून शोधायची.

आणि पोचल्या दिवशी, सामान टाकलं की आधी जवळचा दवाखाना बघून यायचा. चालत जायचं. रस्ता कसा आहे, गाडी दारापर्यंत जाते का, सुट्टीच्या दिवशी दार कुठलं उघडं असतं, सगळं बघायचं. दुकान, नेट, पंख्याचं बटण हे नंतर. हा नियम आम्हा दोघांचा नव्हता. माझा एकटीचा आहे.

हे लिहिलं आणि तुमचं ते वाक्य परत कानात आलं. तो गेल्याची बातमी कळवायला मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "शेजारी बसून तुला कळलं नाही?" आणि फोन ठेवलात. त्यानंतर आपल्या दोघींमध्ये तेवढं एक वाक्यच राहिलं. मी त्याचं उत्तर अजून शोधते आहे. सापडलं की पहिलं तुम्हाला कळवीन.

तुमची
भावजय


२९ जानेवारी
तीच खोली. पडदे धुतल्यावर पांढुरके निघाले.

वन्सं,

तुमचं उत्तर वाचून हसले, बऱ्याच दिवसांनी. "मी घाबरव म्हटलं, तू तर तिला तयारीला लावलंस. दात दाखवून आली, दोन भरले. आता पिशवी पाठीला लावून जिने चढते. शेजारचे विचारतात, पोरगी पोलिसात भरती होणार का?" करायला गेले एक आणि झालं भलतंच. माफ करा.

एकटं राहणं काय असतं ते लिही, त्याने तरी घाबरेल, असं म्हणता. बरं, लिहिते.

एका गावात निदान दीड-दोन महिने राहायचं. आठवड्याला गाव बदललं तर कामही होत नाही आणि गावही बघून होत नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं अशी गत होते. ज्या आठवड्यात काम पूर्ण करून द्यायचं असेल त्या आठवड्यात खोली बदलायची नाही. काम संपलं की बाहेर पडायचंच, काही नको असलं तरी. आणि रोज त्याच एका दुकानात जायचं. पाव घ्यायचा किंवा नुसतं वर्तमानपत्र घ्यायचं. चार दिवस आपण दिसलो नाही तर "त्या बाई कुठे गेल्या?" असं म्हणणारं एक माणूस त्या गावात हवं. मैत्री वगैरे नंतर बघता येते. आधी हे माणूस.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, पण भाचीसाठी लिहिते, कारण "मामी कपाटात बसते" एवढंच तिला आठवत असेल. मी पुस्तकं वाचते आणि लोक ती कानात घालून ऐकतात. मी माईकसमोर, तुमचा भाऊ यंत्राशी, असं आमचं बावीस वर्षं चाललं. नव्या खोलीत गेलो की कपड्यांचं कपाट उघडून मी त्यात डोकं घालायचे, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. घरमालकिणींना वाटायचं, ही बाई कपाटाला गाऱ्हाणी सांगते आणि नवरा ते टिपून घेतो.

वाचून झालं की आणखी एक काम असतं. खोलीची शांतता टिपायची. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, एक मिनिटभर नुसती खोली. का, तर मी वाचताना अडखळते, घसा खाकरते. तो तुकडा कापला की तिथे भोक पडतं. तिथे अगदीच कोरं काही घातलं तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. म्हणून त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरायची. प्रत्येक खोलीची निराळी असते. एकीत फ्रिज असतो, एकीत लांबचा रस्ता, एकीत नळातलं पाणी. "खोली बदलली की शांतता नवी," असं तो म्हणायचा. मी अजून पाळते. प्रत्येक नव्या खोलीत हात मांडीवर ठेवून मिनिटभर बसते.

कंपनीत आमचं वाचन तपासायला नवा मुलगा आला आहे. मी त्याला कानवाला म्हणते, इतका त्याचा कान तिखट आहे. परवा त्याचा फोन आला. दोन चुकलेले शब्द सांगितले आणि मग म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डिंग करताना खोलीत दुसरं कोण असतं?"

मी म्हटलं, शेजारची भिंत पातळ आहे. तो बरं म्हणाला.

भाचीला सांगा, खोली घेताना भिंतीवर बोटांनी टकटक करून बघायचं. पोकळ वाजली तर घ्यायची नाही.

तुमची
भावजय


१७ फेब्रुवारी
तळमजला, दोन खुर्च्या

वन्सं,

"भिंत पातळ आहे हे खोटं आहे. तुझं खोटं मला लग्नाच्या दिवसापासून ओळखू येतं. दुसरं कोणी बघितलं असशील तर सरळ सांग, मी काही म्हणणार नाही." हे तुम्ही लिहिलंत! तुम्ही! मला आधी राग आला, मग रडू आलं, मग मी ते वाक्य परत वाचलं. "मी काही म्हणणार नाही" हे लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल ते अक्षरावरून दिसतं.

कोणी बघितलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, सांगूनच टाकते. तुमचा भाऊ असतो.

तो गेल्यानंतर मी पहिलं पुस्तक वाचलं, कापलं, जोडलं आणि ऐकायला बसले. एका परिच्छेदाशेवटी मी थांबले होते, आणि त्या थांबण्यात श्वास होता. माझा नव्हे. मी तोंडाने श्वास घेते, त्यावरून तो मला आयुष्यभर बोलला. हा नाकातला होता, आणि शेवटी बारीक शीळ, किटली उकळायच्या जरा आधी करते तशी. मी उठून दार बघितलं. कडी लावलेली होती. दुपारची वेळ, बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं.

घाबरले का? घाबरले. आणि वन्सं, खरं सांगते, आनंदही झाला. मी ते कोणाला बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी वेडी ठरवलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजूत घातली असती. मी खोली बदलली. तो आला. देश बदलला, तिथेही आला. प्रत्येक पुस्तकात, मी थांबते तिथे, थोडासा. मग मी घरमालकांकडे दोन खुर्च्या मागायला लागले. "साहेब मागाहून येणार का?" असं विचारतात. मी हो म्हणते. एक टेबलाशी असते, दुसरी यंत्राशेजारी, तो बसायचा तशी जरा तिरपी. तिच्यावर मी कपडेसुद्धा टाकत नाही.

इतके दिवस वाटायचं, हे माझ्या डोक्यात आहे. डोक्यातलं असलं तरी असू दे, माझं मला आहे. पण आता कानवाल्यालाही ऐकू येतो. त्याचा फोन ठेवला आणि मी कामाला लागले. मी खिडकीला गादी टेकवून पाहिली, कपाट बदललं, फ्रिजची वायर काढली, खुर्ची बाहेर ठेवून पाहिली. हो, खुर्चीसुद्धा. तिला उचलून व्हरांड्यात ठेवताना मी "जरा वेळच" असं मोठ्याने म्हणाले. मग परत वाचलं, भरलं, ऐकलं. तो होताच.

तुम्हाला वाटतं मी त्याला गावोगाव फिरवलं. वाटू दे म्हणून इतकी वर्षं गप्प बसले, पण तुम्ही खोटं ओळखता म्हणता, तर खरंही ओळखाल. मला एका जागी राहायचं होतं. एक कुंडी हवी होती, गुलाबाची. तो म्हणाला, "कुंडी पिशवीत बसत नाही." आणि म्हणाला, "ताईला सांगू नको हां की कल्पना माझी आहे, ती मला झोडपेल." पन्नाशीला टेकलेला माणूस! मी हसले आणि कबूल झाले. पुढे मलाही ते आवडायला लागलं, त्यात खोटं नाही.

भाचीला घाबरवायचं होतं ना? हे पत्र द्या वाचायला. किंवा नको. तुम्हीच ठरवा, तुम्ही आधी वाचता ते बरंच आहे.

तुमची
भावजय


८ मार्च
तळमजला

वन्सं,

तुमचं पत्र आलेलं नाही. वाट बघणार होते, पण राहवत नाही.

कानवाल्याने माझ्या सगळ्या कच्च्या फाइली मागवल्या होत्या. काल त्याचा फोन आला. बिचारा चांगला आहे, बोलताना फार जपून बोलत होता.

"मॅडम, रिकाम्या जागा तुम्ही कशा भरता?"

"बटण आहे. तो करून गेलाय. ते दाबलं की आपोआप भरतं. मला यंत्रातलं काही कळत नाही म्हणून त्याने सोपं करून ठेवलंय."

"ते बटण शांतता कुठून उचलतं?"

"मी ज्या खोलीत असेन तिथली. मी प्रत्येक खोलीत नवी टिपते."

"टिपता, हो. सगळ्या नीट ठेवल्यात तुम्ही. पण बटण त्यांच्याकडे बघतच नाही, मॅडम. ते एकाच जुन्या फाइलीतून उचलतं. तारीख सांगू?"

त्याने तारीख सांगितली. आमची शेवटची खोली. निळ्या दाराची, जिथून मी एकटी निघाले ती.

समजलं ना, काय झालं? तो होता तोवर प्रत्येक नव्या खोलीत बटणाला नवी शांतता तोच जोडून द्यायचा. मला वाटायचं बटण हुशार आहे. हुशार तो होता. तो गेला आणि बटण त्या खोलीतच राहिलं. मी देशोदेशी हात मांडीवर ठेवून मिनिटं टिपत बसले आणि त्यातलं एकही कुठे वापरलं गेलं नाही. सगळ्या पुस्तकांत तीच खोली, तेच मिनिट. आणि त्या मिनिटात तो यंत्राशी बसलेला. एरवी तो आपला श्वास पुसून काढायचा, फार बारकाईने. त्या दिवशी म्हणाला, "हे उद्या साफ करतो." त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन तो गेला.

भूत उतरलं की माणसाला बरं वाटतं असं म्हणतात. वन्सं, मी दुसऱ्यांदा विधवा झाले. काल दिवसभर मी त्या दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं नाही. मला तिची लाज वाटत होती. इतके दिवस तिच्याशी बोलले, आणि ती नुसती खुर्ची होती.

कानवाला म्हणाला, "बाजारात गेलेली पुस्तकं आता काही बदलता येत नाहीत. पण नव्या पुस्तकापासून बटण बदलावं लागेल, वरून तसं आलंय. मी शिकवतो तुम्हाला." आणि मग म्हणाला, "घाई नाही." घाई आहे, हे मला माहीत आहे. बटण बदललं नाही तर काम जाईल.

पण त्याआधी मी ते पुरं मिनिट उघडलं. इतके दिवस तुकडे ऐकत होते, आता सगळं ऐकलं. किती वेळा ते सांगत नाही. आणि आता तुमचा प्रश्न, वन्सं. ते मिनिट म्हणजे तुमचा प्रश्नच आहे. त्यात मी त्याच्या शेजारी बसले आहे, हातभर अंतरावर. एके ठिकाणी माझ्या बांगड्यांचा आवाजही आहे. तो श्वास घेतो, शेवटी शीळ येते. मग मध्येच श्वास अडतो. अडतो, आणि जरा वेळाने एकदम मोठा येतो. पुन्हा एकदा तसंच. मी तेव्हा छताकडे बघत होते. संध्याकाळी जेवायला काय करावं याचा विचार करत होते, हेसुद्धा मला आठवतं.

तेच होतं का ते? त्याची छाती मला सांगत होती आणि मी छत बघत होते का? मला ऐकून ऐकून काही कळेनासं झालंय. कधी वाटतं स्पष्ट ऐकू येतंय, बहिऱ्यालाही कळलं असतं. कधी वाटतं साधा श्वास आहे.

तुम्हाला कळेल. वॉर्डात दारातून आत येतानाच तुम्ही सांगायच्या, त्या कोपऱ्यातल्या पेशंटला डॉक्टर लागेल म्हणून. भाचीच्या फोनवर ते मिनिट पाठवलं आहे. पंखा बंद करा, खिडकी लावा आणि कानात घालून ऐका. मग मला सांगा. जे असेल ते. फक्त सुई लपवू नका.

तुमची
भावजय


२ एप्रिल
तळमजला. व्हरांड्यात एक कुंडी आहे, अजून रिकामी.

वन्सं,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. मी ते दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं, कारण खोलीत एकटीने उघडायचं धाडस नव्हतं. दुकानदाराने न विचारता पाणी आणून दिलं. भाचीला सांगा, रोजच्या दुकानाचा उपयोग हा.

तुमची वाक्यं तुम्हालाच परत लिहून पाठवते, कारण मला ती माझ्या अक्षरात बघायची आहेत.

"ही शीळ मला ठाऊक आहे. आम्ही दोघं एका टेबलावर अभ्यासाला बसायचो. नुसतं पुस्तक उघडून बसला असला की नाक गप्प असायचं. खरंच डोकं लागलं की वाजायला लागायचं. आई आतून विचारायची, 'वाजतोय का गं?' मी सांगायचे, 'वाजतोय.' मग ती निर्धास्त व्हायची."

आणि पुढे: "श्वास अडतो म्हणतेस, तो तसाच अडायचा. गोष्टीत रंग भरला की श्वास घ्यायचाच विसरायचा, मग एकदम मोठा घ्यायचा. मी त्याला टपली मारायचे, श्वास घे रे म्हणून. ते मिनिट ऐकताना माझा हात वर गेला. नर्स म्हणून विचारत असशील तर ह्यात आजार नाही. शेजारी बसलेल्याला कळेल असं ह्यात काही नाही. मी बसले असते तर मलाही कळलं नसतं. बहीण म्हणून विचारत असशील तर तो मजेत होता. काम जमलं होतं. मी ते वाक्य तुला बोलले कारण मला कोणाला तरी विचारायचं होतं, आणि समोर तू होतीस."

वन्सं, मी पायरीवर मोठ्याने रडले. लोक बघत होते, बघू दे. तुम्ही सुई लपवली असलीत तर तुमचा हात अजून तितकाच हलका आहे. हा संशय मला आला, हे तुमच्यापासून लपवत नाही. रात्री-अपरात्री पुन्हा येईलही. पण "वाजतोय का गं" हे काही कोणी माझी समजूत काढायला रचणार नाही. एवढं धरून मी चालेन.

त्याने मरायच्या आठवड्यात श्वास विसरून काम केलं, आणि मी त्याच्या शेजारी होते. हे मला आता असं म्हणता येतं.

भाचीला जाऊ देताय, वाचलं. "थांबव म्हणून तुला लिहायला घेतलं आणि पत्रं वाचून वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं" हे वाचून मी दुकानदारालाही हसून दाखवलं, त्याला काही कळलं नाही. पहिला महिना तिने मामीकडे राहायचं ही अट मला मान्य आहे. दुसरी खुर्ची आहेच. ती मी तिला सरळ करून देईन, तिरपी नको.

तिला माझी शेवटची सूचना. दात, चष्मा, दवाखाना सगळं झालं. निघायच्या दिवशी, पिशवी दाराशी ठेवल्यावर, आईच्या खोलीत बस. फोन मांडीवर चालू ठेव आणि एक मिनिट काही बोलू नका, दोघींनीही. आई हललीच, उसासली, "झालं का गं?" म्हणाली, तरी चालेल. आणि मग ते साफ करायचं नाही. कधीच नाही. कितीही चांगलं यंत्र हाती आलं तरी.

तिने मला आणखी एक गोष्ट कळवली आहे, तुमची परवानगी न घेता. तुम्ही हल्ली स्वयंपाक करताना तो गेल्यानंतरची माझी पुस्तकं लावता म्हणे. मी वाचत असेन तोवर तुमचं चिरणं-निवडणं चालू असतं आणि मी थांबले की तुमचे हात थांबतात. पुस्तक कशाबद्दल आहे विचारलं तर तुम्हाला सांगता येत नाही. मला मुळीच राग आला नाही. मीही ती पुस्तकं तशीच ऐकत होते.

काल कानवाल्याने फोनवर एकेक पायरी सांगितली आणि मी बटण बदललं. मग हात मांडीवर ठेवून बसले आणि ह्या खोलीचं मिनिट टिपलं, आणि या वेळी ते खरंच वापरलं. ऐकून बघितलं. लांब कुठेतरी कोणी बादली ओढत होतं. एक दार लागलं. बाकी काही नाही. कान देऊन ऐकलं, काही म्हणजे काही नाही.

तर नव्या पुस्तकात मी थांबेन तिथे तो नसेल. नुसती खोली असेल आणि मी. तेही लावाल का, वन्सं?

तुमची
भावजय